मैफल घरात आली, तेव्हापासून

आमच्या घरी, मिरजेत, अब्बांची म्हणजे माझ्या सासऱ्यांची एक काळी शेरवानी आहे. ती ईदेला बाहेर निघत नाही, लग्नकार्यालाही नाही. ती फक्त मुशायऱ्याची. कोल्हापूर, इचलकरंजी, सोलापूर, कधी पार बेळगाव, कुठेही मुशायऱ्याची खबर लागली की अब्बा आणि त्यांचे तीन दोस्त निघत. चौघांत एक जुनी गाडी, एक थर्मास आणि अम्मींनी भरून दिलेला खिमा-चपातीचा डबा. इशाची नमाज पढून निघायचं आणि फजरच्या सुमारास परत यायचं. पुढचे दोन दिवस घरात तेच चाले. कोणी काय पढलं, कोणाला दाद मिळाली, तरन्नुममध्ये कोण घसरला. अम्मी हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत. चाळीस वर्षं त्यांनी मुशायऱ्याचा डबा भरला, पण मुशायरा एकदाही पाहिला नव्हता.

ती शेरवानी शेवटची बाहेर निघाली फेब्रुवारी २०२० मध्ये. त्यानंतर तिला फक्त वर्षातून दोनदा ऊन दाखवलं जातं.

कोरोनाने माणसं नेली, रोजगार नेले, मुलांची शाळा नेली. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मी इथे लिहिते आहे ते एका लहान वाटणाऱ्या गोष्टीबद्दल. नाटकाला जाणं, मुशायऱ्याला जाणं, गाण्याला, जलशाला, जत्रेतल्या तमाशाला, सिनेमाला जाणं. पोटापाण्याच्या हिशेबात याला जागा नसते, आणि म्हणून ते गेलं तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. (गाण्या-बजावण्याबद्दल आपल्या घराघरांत मतभेद आहेत, ते मला ठाऊक आहेत. तो वाद आज काढत नाही. ज्यांना संगीत मान्य नाही, त्यांच्याही घरात शेरोशायरी आणि नातेवाइकांच्या मुलाचं नाटक असतंच.)

घटनाक्रम आठवून पाहू, कारण इतक्यातच तो धूसर झाला आहे. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतली सिनेमागृहं बंद झाली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी आली. महाराष्ट्रात नाट्यगृहं आणि सिनेमागृहं पुन्हा उघडायला परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबर २०२० ला, तीही निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याच्या अटीवर. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. आमच्या शेजारच्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथून मराठी नाटकाची सुरुवात मानतात. त्यामुळे आमच्याकडे ही तारीख सगळ्यांना पाठ. त्या डिसेंबरात पुण्यात प्रशांत दामले आणि कविता लाड यांनी ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’चा प्रयोग केला आणि नाटकवाल्यांना हायसं वाटलं. ते टिकलं चार महिने. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि पडदा पुन्हा पडला तो २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. सगळे निर्बंध उठायला एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा उजाडला.

म्हणजे दोन वर्षं, आणि त्यात दोनदा बंद, दोनदा सुरू. माझ्या मते खरं नुकसान दुसऱ्या बंदीने केलं. पहिल्या वेळी लोक वाट पाहत होते. दुसऱ्या वेळी घराघरांत कोणी ना कोणी गेलेलं होतं, आणि ‘पुन्हा कधी सुरू होणार’ असं विचारायचंही कोणाच्या मनात येत नव्हतं.

तमाशाचं तर विचारू नका. फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि त्याची खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या यात्रांवर असते. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी येऊन सुपारी देतात. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षांचे चैत्र कोरे गेले. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात बशीर मोमीन कवठेकरांचा इंतिकाल झाला. शिरूर तालुक्यातल्या कवठे गावचा हा शाहीर, ज्याने आयुष्यभर तमाशाच्या फडांसाठी वग आणि लावण्या लिहिल्या. राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला होता. आपल्या किती घरांत त्यांचं नाव माहीत आहे? लावणी माहीत असते, ती लिहिणारा मोमीन माहीत नसतो.

आता आमच्या घराकडे वळते.

२०२० चा रमजान एप्रिलच्या शेवटी सुरू झाला. मशिदीत जाता येत नव्हतं म्हणून तरावीह बैठकीच्या खोलीत झाली. अब्बा पुढे, मुलगे मागे, आणि पडद्यापलीकडे आम्ही बायका. अम्मी नंतर म्हणाल्या, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही सगळे एका वेळी एका घरात उभे राहिलो.” (घरात आम्ही दखनी बोलतो. इथे वाचकांसाठी मराठीत देते.) ईदेची नमाजही घरातच झाली. माझ्या मते पुढच्या गोष्टीची सुरुवात तिथेच झाली. जे बाहेर होत असे, ते घरात यायला लागलं होतं.

त्यानंतर आले ऑनलाइन मुशायरे. फेसबुकवर, यूट्यूबवर, झूमवर. शायर आपल्या घरी, मागे पुस्तकांचं कपाट किंवा भिंतीवरचं कॅलेंडर, आणि ऐकणारे आपापल्या घरी. माझ्या मुलीने अब्बांना मोबाइल लावून दिला. अब्बांना ते मुळीच रुचलं नाही. “दाद द्यायची कोणाला? या काचेला?” असं म्हणून पाच मिनिटांत त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. मुशायऱ्यात ऐकणाऱ्याचं काम गप्प बसण्याचं नसतं. मिसरा उचलायचा असतो, ‘मुकर्रर’ म्हणायचं असतं, शायरही समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून ठरवतो की पुढचा शेर कोणता. हे सगळं पडद्यावर नव्हतं. खाली टाळ्यांची चित्रं यायची तेवढीच.

बाजूला ठेवलेला तो मोबाइल अम्मींनी उचलला.

मला वाटलं, थोडा वेळ बघतील आणि सोडतील. पण दोन महिन्यांत अम्मींना शायरांची नावं, त्यांची गावं, कोणाचा आवाज कसा, सगळं कळायला लागलं. भाजी निवडताना मोबाइल डब्याला टेकवून ठेवायच्या. नणंदेला फोन करून सांगायच्या, आज रात्री अमुक जण आहे, लाव. त्यांच्या दोन बहिणी, एक कराडला आणि एक हुबळीला, त्याही ऐकू लागल्या. दुसऱ्या दिवशी फोनवर चर्चा व्हायची. जशी अब्बांची गाडीतल्या दोस्तांशी व्हायची तशीच. तिघी बहिणींना मिळून हा छंद साठीनंतर लागला, आणि लागला तो सगळं जग बंद होतं म्हणून.

११ ऑगस्ट २०२० चा दिवस आमच्या घरी कोणी विसरलेलं नाही. सकाळी राहत इंदौरींनी स्वतःच ट्विटरवर कळवलं होतं की त्यांना कोरोना झाला आहे, दुआ करा. संध्याकाळी त्यांच्या इंतिकालाची बातमी आली. जूनमध्ये गुलजार देहलवी गेले होते, पुढे डिसेंबरात शम्सुर्रहमान फारुकी गेले. पण राहत साहेबांची गोष्ट वेगळी होती. अब्बांनी त्यांना समोरून ऐकलं होतं, दोन-तीन वेळा. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. आणि पहिल्यांदाच ते अम्मींच्या शेजारी येऊन बसले आणि त्या मोबाइलवर जुने मुशायरे बघू लागले. “या वेळी मी तिथे होतो,” असं ते एका व्हिडिओला म्हणाले. अम्मी म्हणाल्या, “ठाऊक आहे. तुमचा डबा तसाच परत आला होता त्या दिवशी.”

एप्रिल २०२१ मध्ये अब्बांच्या चौघांपैकी एक दोस्त गेले. दुसरे मुलाकडे पुण्याला राहायला गेले ते तिथेच राहिले. तिसऱ्यांनी गाडी विकली. म्हणजे मुशायरे पुन्हा सुरू झाले तेव्हा अब्बांना न्यायला दारात कोणी येणारच नव्हतं. वयस्कर माणसं कार्यक्रमांना का परत आली नाहीत, याबद्दल बोलताना आपण भीतीचं कारण देतो. भीती होतीच. पण पुष्कळांच्या बाबतीत कारण इतकं साधं आहे. सोबत गेली. एकट्याने मैफलीला जायची सवय त्या पिढीला नव्हती.

प्रेक्षक परत येतील का, हा प्रश्न फक्त आपल्याकडे पडला नव्हता. ऑस्ट्रेलियात मे २०२० मध्येच नाटक, संगीत, संग्रहालयं यांना जाणाऱ्या तेवीस हजारांहून अधिक लोकांना विचारलं गेलं होतं. परवानगी मिळताच लगेच जाऊ, असं म्हणणारे पाचात जेमतेम एक निघाले. बहुतेकांचं म्हणणं होतं, धोका अगदी कमी झाला असं आम्हाला स्वतःला वाटेल तेव्हा जाऊ. सरकारने कुलूप काढलं म्हणजे माणसं आली असं होत नाही, हे तिथे आधीच कळलं होतं. पुढच्या वर्षांत तेच सर्वेक्षण पुन्हा पुन्हा झालं, तेव्हा आजाराची भीती मागे पडत गेली आणि दोन नव्या गोष्टी वर आल्या. लोक तिकीट अगदी शेवटच्या क्षणी काढू लागले, आणि खर्च परवडत नाही असं सांगू लागले.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या दिराचं बोलणं आठवलं. तो सांगलीतल्या एका हौशी नाट्यमंडळात प्रकाशयोजना बघतो. त्याचं म्हणणं, पूर्वी प्रयोगाच्या तीन-चार दिवस आधी प्लॅन उघडला की पहिल्या ओळींसाठी माणसं सकाळपासून यायची. आता दुपारी चारपर्यंत निम्मा प्लॅन कोरा असतो, मंडळातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो आणि मग सहा वाजता मोबाइलवर एकदम तिकिटं जातात. कधी जातच नाहीत. हॉलचं भाडं, गाडी, नेपथ्य, हे सगळं आधी भरायचं आणि प्रेक्षक मात्र शेवटच्या तासाला ठरवणार. नावाजलेल्या नटाचं नाटक असेल तर चिंता नाही, ते भरतं. मार बसतो तो नव्या लेखकाला, नव्या मंडळाला, अनोळखी नाटकाला. “पूर्वी लोक नाटकाला यायचे,” तो म्हणतो, “आता ते ‘त्या’ नाटकाला येतात.”

मला हे पटतं, कारण मी स्वतः तशीच झाले आहे. पूर्वी शनिवारी रात्री काय आहे असं विचारून आम्ही जायचो. आता घरात एवढं काही मोबाइलवर आणि टीव्हीवर आहे की बाहेर पडायला कारण लागतं. चौघांचं तिकीट, रिक्षा, मध्यंतरातले वडे, सगळा हिशेब मनात होतो. जाणं ही सवय राहिलेली नाही. दर वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागतो.

पण या बदलाची दुसरी बाजूही आहे, आणि ती बायकांनी दाखवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये, सिनेमागृहं निम्म्याच क्षमतेने चालू असताना, ‘झिम्मा’ आला आणि बायका घोळक्याने गेल्या. २०२३ च्या जूनअखेरीस ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा तर भिशीचे गट, महिला मंडळं, शाळेतल्या शिक्षिका, सगळ्या एकत्र तिकिटं काढून निघाल्या. आमच्या शाळेतूनही सहा जणी गेलो, त्यांत आम्ही दोघी बुरखेवाल्या. मी दहा वर्षांनी थिएटरात पाऊल टाकत होते. मध्यंतरात एक अनोळखी आजी आमच्याजवळ आल्या, आमच्या डब्यातला शिरखुर्मा खाऊन गेल्या (बकरी ईद नुकतीच झाली होती), आणि आपल्या सुनेबद्दल दहा मिनिटं बोलल्या. त्या सिनेमात काय होतं ते आता नीट आठवत नाही. आजी आठवतात. घरी बसून सिनेमा बघताना हे घडत नाही, एवढं मला त्या दिवशी पुन्हा कळलं.

मोठे जलसे परत आले तेही भरभरून. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव दोन वर्षं झाला नव्हता, तो डिसेंबर २०२२ मध्ये झाला. दिल्लीचा ‘जश्न-ए-रेख्ता’ही त्याच महिन्यात परतला. नाशिकचं मराठी साहित्य संमेलन मार्चमधून पुढे ढकललं गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये पार पडलं. वर्षातून एकदा येणाऱ्या अशा गोष्टींना लोक तारीख राखून ठेवतात. अडचण दर आठवड्याच्या, दर महिन्याच्या, गल्लीतल्या कार्यक्रमांची आहे. आणि कलावंत घडतो तो तिथे.

मिरजेत राहून वाद्यांबद्दल न लिहिणं शक्य नाही. आमच्याकडे सतार आणि तंबोरा बनवणारी घराणी आहेत, बहुतेक सगळी आपल्याच समाजातली, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी. पंढरपूरकडून भोपळा येतो, तो वाळवायचा, कापायचा, त्याला गळा जोडायचा, नक्षी करायची, जवारी लावायची. एक चांगला तंबोरा हातून उतरायला कित्येक आठवडे लागतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटो आले. पण २०२० च्या उन्हाळ्यात याच गल्लीत मी एका कारागिराला दुकानाचं शटर अर्धं वर करून बसलेलं पाहिलं आहे. काम नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं. ते म्हणाले होते, “मैफल नाही तर गवई नाही. गवई नाही तर तार तुटत नाही. तार तुटली नाही तर माझ्याकडे कोण येणार?” मैफलीला न जाणारा एक श्रोता किती लांबपर्यंत पोहोचतो ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं.

मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ मध्ये ते गेले. उरुसात त्यांच्या आठवणीत दर्ग्याच्या आवारात गाण्याची सभा भरते. तिकीट नाही, खुर्चीचा मान नाही. सतरंजीवर हमाल आणि डॉक्टर शेजारी बसतात, हिंदू-मुसलमान असा प्रश्न कोणी विचारत नाही. या उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हेही बाहेरच्यांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. महासाथीत देवळं, मशिदी, दर्गे सगळं बंद झालं, मग १६ नोव्हेंबर २०२० ला उघडलं, पुन्हा बंद झालं आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडलं. त्या काळात दुसऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा सतरंजीची कल्पनाही करवत नव्हती. आता माणसं पुन्हा तशीच बसतात. मात्र पुढे मोबाइलच्या काठ्या उभ्या असतात आणि निम्मं आवार ते गाणं आपल्या भावाला, मुलीला दुबईत, कुवेतला दाखवत असतं. अब्बांना त्याचा राग येतो. मला येत नाही. दुबईतल्या कोणाच्या तरी खोलीत त्या वेळी मिरजेचा उरूस चालू असतो.

तर, २०२३ च्या हिवाळ्यात शेजारच्या एका गावात मोठा मुशायरा ठरला. पोस्टर व्हॉट्सअॅपवर आलं. खाली नेहमीची ओळ होती, ख्वातीनसाठी पडद्याची माकूल सोय आहे. अम्मींनी ते पोस्टर दोनदा पाहिलं आणि जेवताना शांतपणे म्हणाल्या, “मला जायचं आहे.”

घरात कोणी काही बोललं नाही. अब्बांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, “रात्री दोन वाजेपर्यंत बसवेल तुला?” अम्मी म्हणाल्या, “चाळीस वर्षं तुम्ही यायच्या वेळेपर्यंत जागीच होते की.”

आम्ही गेलो. अम्मी, नणंद, मी आणि माझी मुलगी. अब्बा आले नाहीत. गर्दी नको, डॉक्टरांनी सांगितलंय, असं म्हणाले. डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं.

बायकांसाठी सोय होती ती मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात. तीन बाजूंनी कनात. खुर्च्या दहा-बारा आणि बायका पन्नास. स्टेज दिसत नव्हतं. कर्ण्याचा आवाज मात्र थेट कानावर येत होता, इतका की शब्द फाटत होते. स्वच्छतागृह विचारलं तर कोणी तरी समोरच्या शाळेकडे बोट दाखवलं आणि शाळेला कुलूप होतं. पुरुषांच्या बाजूने वाहवा उठायची, आमच्याकडे कुजबुज व्हायची की आता कोण पढतंय. अम्मी प्रत्येक वेळी आवाजावरून नाव सांगायच्या आणि ते बरोबर असायचं. आजूबाजूच्या बायका त्यांच्याभोवती सरकल्या. असा एक तास गेला. मग अम्मी उठल्या आणि म्हणाल्या, “चला. घरी मोबाइलवर चेहरा तरी दिसतो.”

त्या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

महासाथीने आपल्या घरांतल्या बायकांना, म्हाताऱ्यांना, अंथरुणावरच्या माणसांना असा एक श्रोतेपणा दिला जो त्यांना पूर्वी मिळत नव्हता. तो कोणी ठरवून दिला नाही, बंद दारांमुळे मिळाला. आता दारं उघडली आहेत आणि मुशायरे, मैफली, संमेलनं भरवणारे आपलेच भाऊ जुन्या पद्धतीने मंडप बांधताहेत. समोर पुरुष, मागे कनात, सुरुवात रात्री दहाला आणि शेवट देवाच्या भरवशावर. आणि मग तेच विचारतात की श्रोते कमी का झाले. अहो, श्रोते वाढलेत. ते तुमच्या कनातीमागे बसलेत आणि त्यांना तुमचं स्टेज दिसत नाही.

पडदा नको असं मी म्हणत नाही. ज्यांना हवा त्यांना असावा. पण पडद्याच्या आत एक पडदा, म्हणजे साधा प्रोजेक्टर, लावायला किती खर्च येतो? लग्नात आपण ड्रोन उडवतो. कार्यक्रम असरनंतर सुरू करून इशाला संपवला तर बायका, मुलं, मधुमेहाचे रुग्ण, दुसऱ्या दिवशी कामावर जाणारे, सगळे येतात. रात्रभर चालण्यात मुशायऱ्याची शान आहे असं जुने लोक म्हणतात. असेल. ती शान सांभाळणाऱ्यांची संख्या मात्र दर वर्षी कमी होते आहे. आणि ऑनलाइन दाखवणं बंद करू नका. पुष्कळ मंडळांनी मंडप उघडताच ते बंद केलं, का तर घरी दिसलं तर येणार कोण. आमच्या घरचा अनुभव उलटा आहे. अम्मी मुशायऱ्याला निघाल्या त्या तीन वर्षं मोबाइलवर ऐकून निघाल्या.

खिडक्या असलेला हॉल, पाठ टेकायला खुर्ची, उतरायला कठडा, जवळ स्वच्छतागृह. वयस्कर माणसं या चार गोष्टी बघतात आणि मग ठरवतात. मी एका संयोजकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, “बाजी, शायरांची बिदागी द्यायला पैसे पुरत नाहीत, कठडे कुठून लावू?” त्यांचंही खोटं नाही. महासाथीनंतर देणग्या आटल्या, मंडपवाल्याचे दर वाढले. कठडा नाही तर निदान हात द्यायला दोन मुलं पायऱ्यांशी उभी करा, एवढं मी त्यांना म्हटलं. ते त्यांनी पुढच्या कार्यक्रमात केलं, हे नमूद करायला हवं.

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका घरी अंगणात शेरी नशिस्त झाली. साठ-सत्तर माणसं. असरनंतर सुरू, मध्ये मगरिबची नमाज, मग पुन्हा. एका बाजूला पुरुषांच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला बायकांच्या, मधून वाट, आणि पढणारा दोघांनाही दिसेल असा समोर. अब्बांना अम्मींनी विचारलंसुद्धा नाही. तयार झाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. अब्बा पाच मिनिटांनी बाहेर आले. शेरवानी नाही, साधा कुर्ता आणि खिशात मास्क. शेवटच्या ओळीत, फाटकाजवळची खुर्ची त्यांनी धरली.

चौथा का पाचवा एक कोवळा मुलगा होता, कॉलेजातला. कागद थरथरत होता. दुसऱ्या शेराला तो अडखळला, पुन्हा सुरुवात केली आणि शेर पुरा केला. सगळे गप्प. तेवढ्यात बायकांच्या बाजूने स्पष्ट आवाज आला, “वाह! मुकर्रर!” सगळ्यांनी वळून पाहिलं. अब्बांनी तर खुर्चीसकट मान वळवली. मुलाने तो शेर पुन्हा पढला, या वेळी न अडखळता.

रिक्षात बसल्यावर अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याचा दुसरा मिसरा वजनात नव्हता.”

“होता,” अम्मी म्हणाल्या.

घर येईपर्यंत ते दोघं त्याच मिसऱ्यावर भांडत होते.